लाकडी की प्लास्टिक? आधी सांग, खेळलं किती जातं

पत्र:

ताई, माझी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे आणि घरात खेळण्यांचे तीन मोठे डबे आहेत, जवळपास सगळं प्लास्टिक. दोन महिन्यांपूर्वी मी ठरवलं की आता बास, हे सगळं बाहेर काढायचं आणि मोजकी लाकडी खेळणी आणायची. एक लाकडी आगगाडीचा सेट ऑनलाइन मागवला, बराच महाग होता, आणि मुलीने रूळ आपटून एक टवका काढला म्हणून सध्या वरच्या फळीवर ठेवलाय. मध्येच नणंदबाई आल्या, त्यांनी भुंकणारा सेलवरचा मऊ कुत्रा आणला आणि त्यांच्या मुलांचे जुने ठोकळे, गाड्या, बाहुल्या भरलेली एक पिशवी पण. मी पटकन बोलून गेले की आम्ही आता असलं काही घरात घेत नाही. त्यांना लागलं ते, हल्ली फोन केला तर नवऱ्याशीच बोलतात. नवरा म्हणतो आहे ते फेकून नवं आणायचं यात कसलं पर्यावरण. मग मी एक्सेल शीट करायला घेतली, मटेरियल, वजन, कुठे बनलं, पॅकिंग असे कॉलम केले, प्रत्येक खेळण्याला मार्क द्यायचे ठरवले. चाळीस ओळी झाल्या आणि पुढे काही सुचेना. वाळूत खेळायच्या एका बादलीवर तर बायोडिग्रेडेबल लिहिलंय, तिला किती मार्क देऊ? नेमकं मोजायचं कसं सांगा ना.
– एक दमलेली आई

उत्तर:

अगं, चाळीस ओळी भरल्यास म्हणजे तू बऱ्याच पुढे गेलीयेस. हे जे तू करतेयस ना, वस्तू जमिनीतून किंवा झाडातून निघाल्यापासून कचऱ्यात जाईपर्यंत तिचं काय काय होतं ते मांडणं, याला लाइफ सायकल असेसमेंट म्हणतात, जीवनचक्र मूल्यमापन, थोडक्यात एलसीए. मी काही वर्षं हेच काम केलंय, खेळण्यांचं नाही, घरगुती वस्तूंचं आणि पॅकिंगचं, आणि तिथेही लोक तू अडकलीस तिथेच अडकायचे, कारण सगळेजण सुरुवात करतात ती वस्तू कशाची बनलीये इथून. यासाठी आयएसओ १४०४० आणि १४०४४ अशी दोन आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, २००६ ची, आणि त्यात पहिली पायरीच ही आहे की तुम्ही मोजताय कशासाठी आणि एकक काय धरताय ते आधी ठरवा. मोजायचं असतं ते वस्तू जे काम करते ते. रंगाच्या दोन डब्यांची तुलना करायची तर लिटरला लिटर लावून भागत नाही, एवढी भिंत एवढी वर्षं रंगलेली राहायला कुठला रंग किती लागेल असं बघावं लागतं. त्याला फंक्शनल युनिट म्हणतात, आणि तुझ्या शीटमध्ये नेमका हाच कॉलम नाहीये.

खेळण्याचं काम काय? मुलाने त्याच्याशी खेळणं. मग एकक धर 'एक तास खेळ'.

आता बघ काय होतं. पुढचे तास आणि वजनं मी समजण्यापुरती धरतेय, तुझ्या घरची वेगळी निघतील. जोडायचे ठोकळे बहुतेक एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात, ते कडक आणि चकचकीत, आणि एक किलो एबीएस तयार होताना साधारण ३ ते ४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेत जातो. समज घरात दोन किलो ठोकळे आहेत, त्यांना साच्यात घालणं, खोका, वाहतूक सगळं मिळून १० किलो भार धरू. मूल वर्षातले २०० दिवस अर्धा अर्धा तास खेळलं, असं पाच वर्षं, म्हणजे ५०० तास. तासाला आले २० ग्रॅम. आता लाकडी सेट घे, त्याचा सगळा भार धर फक्त २ किलो, ठोकळ्यांच्या पाचपट कमी. पण तो दहा तास खेळून फळीवर गेला, तर तासाला २०० ग्रॅम. दहापट जास्त! आणि तुझी आगगाडी आत्ता फळीवर आहे, म्हणजे तिचे तास वाढायचे थांबलेत, भार मात्र होऊन गेलाय. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की ती आजच खाली काढ. टवका उडाला तर उडू दे, लाकूड आहे, काचपेपरने घासलं की धार जाते आणि गाडी परत रुळावर, लाकडाचा खरा फायदा तर हाच आहे की ते घरच्या घरी दुरुस्त होतं.

याच हिशेबाने नणंदबाईंच्या पिशवीकडे बघ. ते ठोकळे त्यांच्या मुलांनी आधीच खेळलेत, म्हणजे ते बनवतानाचा भार किती तरी तासांवर वाटला गेलाय, आणि तुझी मुलगी जे तास खेळेल त्यासाठी नवीन काहीच बनवावं लागणार नाही. एका खेळण्याला तिसरं मूल मिळणं यापेक्षा मोठा फरक पाडणारं मटेरियल मला तरी माहीत नाही. १९३५ साली, मंदीच्या काळात, लॉस एंजेलिसमध्ये खेळणी उसनी द्यायची सोय सुरू झाली, पुस्तकांच्या लायब्ररीसारखी, मुलं घरी न्यायची, खेळायची, परत आणायची. तेव्हा कोणाच्या डोक्यात कार्बन नव्हता, मुलांकडे खेळणी नव्हती एवढाच प्रश्न होता, पण ज्याला आज आपण शाश्वत म्हणतो ती गोष्ट त्या लोकांनी केली होती. तशी टॉय लायब्ररी जवळपास असेल तर नाव घाल, नसेल तर मुलीच्या दोन-तीन मैत्रिणींच्या आयांना गाठून महिन्याला डबे बदलायला सुरुवात करा, त्याला कुठली संस्था लागत नाही.

तुझा नवरा म्हणतोय ते बऱ्याच अंशी बरोबर आहे, त्याला सांग मी सांगितलं म्हणून. घरात आलेल्या खेळण्याचा मोठा भार आधीच होऊन गेलेला असतो, तेल काढलं गेलं, प्लास्टिक बनलं, फॅक्टरीत वीज जळली, जहाज येऊन गेलं. ते आता फेकल्याने त्यातलं काहीही परत मिळत नाही. तुझ्या हातात उरलेत फक्त पुढचे टप्पे, वापर आणि शेवट. वापर थांबवून शेवट जवळ आणला आणि वर लाकडी नवं मागवलं तर दोन्हीकडून वाढच झाली. पण 'बऱ्याच अंशी' का म्हणाले ते पिशवीच्याच संदर्भात पुढे सांगते, तिथे त्यालाही थोडं ऐकावं लागेल.

आधी लाकडाचं बोलू, कारण तुझा सगळा भरवसा त्याच्यावर आहे. लाकूड चांगलंच आहे, मलाही हातात धरायला तेच आवडतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनातला साधारण अर्धा भाग कार्बन असतो, झाडाने हवेतून घेतलेला, आणि खेळणं जितकी वर्षं टिकतं तितकी वर्षं तो तिथेच राहतो. रबराच्या झाडाचं लाकूड वापरणारे खेळणीवाले आहेत, थायलंडची प्लॅनटॉईज १९८१ पासून आहे आणि तिची ओळखच ती आहे. रबराचं झाड साधारण २५ वर्षांनी चीक कमी द्यायला लागतं मग ते तोडून नवीन लावतात, आधी ते लाकूड बरंचसं सरपणातच जायचं, त्याची खेळणी करणं म्हणजे जे कापलं जाणारच होतं त्याला अजून वीस-पंचवीस वर्षं देणं. मला हे फार आवडतं. पण 'लाकडी' असं खोक्यावर लिहिलेलं सगळं असं नसतं. एमडीएफ असेल तर ते लाकडाचे बारीक तंतू रेझिनच्या गोंदाने दाबून केलेलं असतं, आणि त्या गोंदात बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड हे त्रासदायक रसायन असतं. वर रंग आणि वार्निश. लाकूड कुठल्या जंगलातून आलं, परत लावलं गेलं का, हेही बघायचं, एफएससी वगैरे, म्हणजे जंगल नीट सांभाळल्याचा, शिक्का असेल तर निदान कोणीतरी तपासलंय असं म्हणता येतं. म्हणजे लाकूड हे उत्तर म्हणून घेऊ नकोस, तेही प्रश्न विचारूनच घ्यायचं.

कुठे बनलं या कॉलमला तू बहुतेक खूप मार्क ठेवले असशील, सगळेच ठेवतात. लांबून आलं की वाईट. तसं सरळ नसतं. जहाजाने कंटेनरमधून आलेल्या एका छोट्या खोक्याच्या वाट्याला वाहतुकीचा भार फार थोडा येतो, कारण एका जहाजावर हजारो कंटेनर असतात. तेच खोकं विमानाने आलं तर मामला कित्येक पटींनी बदलतो, म्हणून 'दोन दिवसांत घरपोच' परदेशातून मागवताना जरा थांबावं. आणि जी गोष्ट कोणी धरत नाही ती म्हणजे आपण स्वतः गाडी काढून खेळणं आणायला जातो ती. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. फक्त एका खेळण्यासाठी जाऊन-येऊन दोन लिटर जाळलं तर साडेचार किलोच्या वर गेला, आणि खेळणं अर्धा किलो प्लास्टिकचं असेल तर त्या प्लास्टिकच्या भाराच्या दुपटीहून जास्त तुझ्या गाडीनेच केलं. दुसऱ्या कामाला जाताना आणलं असतं तर हा आकडा जवळजवळ शून्य.

आता कुत्रा. तुझ्या यादीत मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटली तो हाच, आणि तो प्लास्टिकचा असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. ज्या खेळण्यात सेल आहेत त्याचं वापराचं पान वेगळंच असतं. लाकडी गाडी घरात आली की पुढे तिला काही लागत नाही, कुत्र्याला खायला लागतं. समज त्यात तीन पेन्सिल सेल आहेत आणि मुलगी रोज भुंकवते म्हणून महिन्याला बदलावे लागले, तर वर्षाला ३६ सेल. एक अल्कलाइन पेन्सिल सेल साधारण २३ ग्रॅमचा, म्हणजे वर्षात आठशे ग्रॅमच्या वर, कदाचित कुत्र्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त. त्यात जस्त, मँगनीज, स्टील, आणि एक सेल बनवायला जी ऊर्जा लागते ती त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जास्त असते, पोर्टेबल असण्याची ती किंमत आहे. चार्ज होणारे सेल वापरलेस तर हा भाग एकदम खाली येतो कारण ते शेकडो वेळा भरता येतात. आणि शेवटच्या टप्प्यावर तर हा कुत्रा खेळणं राहतच नाही, ई-कचरा होतो. कापड, पॉलिएस्टरचा भुसा, स्पीकर, सर्किट, वायर सगळं एकत्र शिवलेलं, कोण सोडवत बसणार. वीफोरम नावाची ई-कचऱ्यावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने २०२३ मध्ये आकडा दिला होता की जगात वर्षाला ७३० कोटी इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक खेळणी टाकून दिली जातात, म्हणजे जवळपास माणशी एक. त्याला त्यांनी नावच 'न दिसणारा ई-कचरा' दिलं, कारण जुना फोन टाकताना आपल्याला कळतं की हा वेगळा द्यायचा असतो, भुंकणारा कुत्रा टाकताना कळतच नाही.

सेलवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही, पर्यावरण बाजूला ठेव. पिशवीत एखादं छोटं गाणारं खेळणं, चमकणारी अंगठी, आवाज येणारं कार्ड असेल तर त्यात बटण सेल असतो, तो लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घरात नको. इथे कसलाही हिशेब करायचा नाही.

आणि मग मी जे 'बऱ्याच अंशी' म्हणाले ते. जुनी खेळणी वापरणं उत्तम, पण प्रत्येक जुनं खेळणं उत्तम नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ युनिव्हर्सिटीत २०१८ साली वापरलेली जुनी २०० प्लास्टिक खेळणी एक्स-रेच्या यंत्राने तपासली, घरांतून, पाळणाघरांतून, सेकंडहँड दुकानांतून गोळा केलेली, तर बऱ्याच खेळण्यांत शिसं, कॅडमियम, क्रोमियम, ब्रोमिन अशी द्रव्यं सापडली, जास्त करून लाल, पिवळ्या आणि काळ्या प्लास्टिकमध्ये. लाल-पिवळ्याचं कारण जुने रंग, शिसं-कॅडमियम घातलेले. काळ्याचं कारण ऐकून तुला वाईट वाटेल, काळं प्लास्टिक काही वेळा जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या खोक्यांपासून रिसायकल केलेलं असतं आणि त्या खोक्यांना आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमिनवाली रसायनं तशीच खेळण्यात उतरतात. म्हणजे 'रिसायकल्ड' शब्द दिसला की लगेच जास्त मार्क द्यायचे असंही नाही, कशापासून रिसायकल केलंय ते महत्त्वाचं. तसंच मऊ, वास येणारं, चिकटसर झालेलं जुनं पीव्हीसी प्लास्टिक, जुन्या बाहुल्यांचे हातपाय असतात तसं. त्याला मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालायचे. युरोपात त्यांच्यावर १९९९ मध्ये तात्पुरती आणि २००५ मध्ये कायमची मर्यादा आली, अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आली, त्याच कायद्याने तिथे रंगातल्या शिशाची मर्यादा पण खूप खाली आणली. त्याच्या आधीच्या वस्तूंवर या मर्यादा लागू नव्हत्या.

म्हणून पिशवी जमिनीवर ओत आणि मुलगी झोपल्यावर एकदा नीट बघ. ठोकळे, साधारण गेल्या दहा-बारा वर्षांतले, अखंड, रंग प्लास्टिकमध्येच मुरलेला, वरून फासलेला नाही, ते साबणाच्या पाण्यात धुऊन ठेव. पापुद्रे सुटलेला रंग, तडे गेलेलं काळं प्लास्टिक, चिकट मऊ बाहुली, कधीची आहे कळत नाही असं चकचकीत लाल-पिवळं, हे बाजूला. तोंडात मावेल एवढे तुकडेही बाजूला, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी जे मोजमाप वापरतात त्या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, त्यात बसणारी वस्तू लहान मुलासाठी नाही. तुझी तीन पूर्ण झालीये पण घरी येणारी धाकटी भावंडं असतीलच. आणि जे बाजूला काढलंस ते दुसऱ्या कोणाच्या मुलाला देऊ नकोस, जाळू तर अजिबात नकोस, पीव्हीसी उघड्यावर जळलं की डायऑक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. ते कचऱ्यातच जाऊ दे. एवढं वाचून मनाला लागेल, पण दुसरा मार्ग नाहीये.

आता बादली. बायोडिग्रेडेबल, बायोबेस्ड, कंपोस्टेबल हे तीन वेगळे शब्द आहेत आणि पुड्या-खोक्यांवर ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. बायोबेस्ड म्हणजे कच्चा माल वनस्पतीचा, पुढे कुजेल असं नाही. लेगो या ठोकळे बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये झाडं-पानांचे तुकडे उसापासून बनवलेल्या पॉलिथिनमध्ये करायला घेतले, ते पॉलिथिन रसायन म्हणून तेलापासूनच्या पॉलिथिनसारखंच आहे, तेवढंच टिकतं, आणि खेळण्याच्या तुकड्याला तसंच टिकायला हवं. पीएलए म्हणजे मक्यासारख्या पिकापासूनचं प्लास्टिक कुजतं खरं, पण मोठ्या कंपोस्ट प्लांटमधल्या साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत, तुझ्या कुंडीत नाही. आणि मुळात मला सांग, वाळूत, उन्हात, पाण्यात खेळायची बादली लवकर कुजावी असं तुला वाटतं का? ती दहा उन्हाळे टिकावी असं वाटायला पाहिजे. त्या शब्दाला शून्य मार्क दे, उणे पण नको आणि अधिक पण नको. कडी जाड आहे का, जोडावर तडा जाईल का, ते बघून मार्क दे.

लेगोचीच अजून एक गोष्ट इथे सांगते, कारण तुझ्या एक्सेलचं सगळं दुखणं त्यात आहे. त्यांनी २०२१ मध्ये पाण्याच्या बाटल्यांच्या रिसायकल केलेल्या प्लास्टिकचा ठोकळा करून दाखवला, सगळीकडे कौतुक झालं. २०२३ मध्ये त्यांनीच सांगितलं की आम्ही हे थांबवतोय, कारण ते प्लास्टिक ठोकळ्याइतकं कडक आणि पकड धरणारं करायला आणखी द्रव्यं, आणखी ऊर्जा आणि नवीन यंत्रं लागतात आणि सगळं आयुष्य धरून मोजलं तर कार्बनचा भार कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. मटेरियलच्या कॉलममध्ये त्या ठोकळ्याला पैकीच्या पैकी मार्क होते! पूर्ण चक्र मोजलं म्हणून कळलं. आणि टिकण्याची दुसरी बाजूही बघ. १९९७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ टोकियो एक्सप्रेस नावाच्या जहाजावरून कंटेनर समुद्रात पडले, एकात जवळपास ४८ लाख लेगोचे तुकडे होते, ते तिथल्या किनाऱ्यांवर अजूनही सापडतात. प्लिमथच्याच लोकांनी २०२० मध्ये किनाऱ्यावर वाहून आलेले जुने ठोकळे तपासून अंदाज काढला की असा ठोकळा समुद्रात १०० ते १३०० वर्षं टिकू शकतो. ज्या गुणामुळे तो तीन पिढ्यांच्या मुलांना पुरतो, १९५८ चा ठोकळा आजच्यात बसतो, त्याच गुणामुळे तो पाण्यात गेला की जात नाही. म्हणून टिकाऊ प्लास्टिक चांगलं की वाईट हे तो ठोकळा कोणाच्या हातात आहे यावर ठरतं. डब्यात असेल तर चांगलं.

रिसायकलिंगवर मात्र फार विसंबू नकोस. खेळण्यात तीन-चार जातीचं प्लास्टिक, स्प्रिंग, स्क्रू, स्टिकर, रंग एकत्र असतात, एबीएसवर तर बहुतेक ७ नंबर असतो, म्हणजे 'इतर', आणि 'इतर' वेगळं करून घेणारं सहसा कोणी नसतं. एकाच मटेरियलचं, स्क्रूने उघडणारं, सुटा भाग मिळणारं खेळणं असेल तर ते दुरुस्त तरी होतं.

अजून एक कॉलम तुझ्याकडे नाहीये आणि मला तो सगळ्यात जवळचा वाटतो. पूर्ण शाश्वततेचं मोजमाप करायचं म्हटलं की तीन चाकं धरतात, पर्यावरण, खर्च आणि माणसं. माणसं म्हणजे खेळणं ज्यांच्या हातून बनलं ती. थायलंडमध्ये काडेर नावाच्या खेळण्यांच्या फॅक्टरीला १० मे १९९३ ला आग लागली, १८८ जण गेले, बहुतेक तरुण कामगार मुली, परदेशातल्या मुलांसाठी मऊ खेळणी आणि बाहुल्या शिवणाऱ्या. बाहेर पडायचे दरवाजे बंद होते, इमारत कोसळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये शेन्झेनच्या एका खेळण्यांच्या फॅक्टरीत आग लागून ८७ जण गेले. ती मऊ खेळणी सुती होती की पॉलिएस्टरची याने काय फरक पडतो सांग. त्यानंतर तपासण्या, नियम आले, सगळीकडे सगळं सुधारलं असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००९ मध्ये अशा सामाजिक मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२० च्या सुधारित आवृत्तीत कामगार, ग्राहक, आजूबाजूची वस्ती यांच्या जोडीला 'मुलं' हा वेगळा गट घातला, त्यात मुलांना लक्ष्य करून केलेल्या जाहिराती पण येतात. घरी बसून तुला फॅक्टरी तपासता येणार नाही, पण कंपनी निदान कुठे आणि कोणाकडून बनवून घेते हे उघड सांगते का एवढं बघता येतं, आणि अगदीच नाव-गाव नसलेल्या मालापेक्षा सांगणारी कंपनी बरी. जुनं खेळणं घेतलंस तर हा प्रश्न नव्याने उभाच राहत नाही.

खर्चाचं थोडक्यात, विकत घेतल्याची किंमत अधिक सेल, भागिले तास. आगगाडी आणि ठोकळे या सूत्रात घालून बघ, उत्तर पर्यावरणासारखंच येतं बहुतेक.

तर शीटचं असं कर. चाळीस ओळी ठेव, कॉलम बहुतेक सगळे उडव. एक कॉलम ठेव, मुलगी याच्याशी गेल्या महिन्यात किती खेळली, अंदाजे, आठ दिवस नुसतं लक्ष ठेवून लिही. दुसरा, सेल लागतात का. तिसरा, मोडलं तर मला उघडता येतं का. चौथा, याच्यानंतर कोणाकडे जाणार, नाव लिही, ताईची मुलगी, शेजारचा मुलगा, जे असेल ते. नाव सुचलं नाही तर तेच उत्तर आहे. सुरक्षित नसलेलं आधीच काढलेलं आहेस, त्याला कॉलम नको. खरेदी करताना पण हेच, आणि जाळं टाकून आकडे शोधत बसू नकोस, दशांश चिन्हानंतरचं अचूक उत्तर एलसीए करणाऱ्यांनाही मिळत नाही, मोठा भार कुठल्या टप्प्यात आहे तेवढं कळलं तरी निर्णय होतो.

आणि तीन डबे आहेत तर एकच बाहेर ठेव. अमेरिकेत टोलिडो युनिव्हर्सिटीत २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांवर अभ्यास झाला, एकदा चार खेळणी दिली, एकदा सोळा. चार होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ खेळली आणि वेगवेगळ्या प्रकारे खेळली. तुझी थोडी मोठी आहे पण करून बघायला काय जातं. दोन डबे आत, महिन्याने अदलाबदल, जुनं खेळणं परत नवं होतं, तास वाढतात, काही विकत आणावं लागत नाही.

राहिल्या नणंदबाई. तू जे बोललीस ते कुत्र्याबद्दल होतं, त्यांना ते त्यांच्या मुलांच्या लहानपणाबद्दल ऐकू आलं असणार, इतकी वर्षं जपून ठेवलेली पिशवी होती ती. त्यांना फोन कर, नवऱ्याच्या फोनवरून नाही, तुझ्या. ठोकळ्यांबद्दल बोल, किती मुलं खेळली त्यांच्याशी ते विचार, माझा समज चुकीचा होता आणि आता कळलंय असं सरळ सांग. पुढच्या वेळी काय आणू असं त्यांनी विचारलं तर याच ठोकळ्यांत बसणारे अजून ठोकळे सांग.

आणि कुत्र्याच्या पोटाखालची चेन उघड, आतला डबा स्क्रूने सोडव, सेल काढून ठेव, आवाजाची डबी निघत असेल तर तीही ई-कचऱ्यात द्यायला वेगळी ठेव. चेन लाव आणि मुलीला दे. भुंकत नाही म्हणून दोन दिवस रुसेल. मग तीच त्याच्यासाठी भुंकायला लागते का बघ, आणि मला कळव.